खंडेनवमीची हळद

आमच्या ह्यांना, म्हणजे प्रोफेसर दत्तोपंतांना, अख्खी बारामती देवमाणूस म्हणते. म्हणू दे बापडी. देवाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते बारामतीला कुठं ठाऊक आहे! मी इंदिरा, ह्यांची बायको. लग्न झाल्यापासून ह्या देवाचं निर्माल्य मीच काढते आहे.

हे इथल्या कॉलेजात फिजिक्सचे विभागप्रमुख. विषय सेमीकंडक्टर. तरुणपणी पुण्यात होते तेव्हा काचेवर कॅडमियम सल्फाइडचे पिवळे थर चढवायचे, त्यांवर उजेड पाडून वीज किती वाहते ते मोजायचे. त्यावर डॉक्टरेट मिळाली, डॉक्टरेटवर बारामतीची नोकरी मिळाली, आणि मग गाडं जे बसलं ते बसलंच. वीस वर्षांत नवीन काही केलं म्हणाल तर लॅबच्या भिंतींना डिस्टेंपर दिला. आमचा मिहिर अमेरिकेत चिपा बनवणाऱ्या कंपनीत लागला. तो फोनवर विचारायचा, "बाबा, सध्या रिसर्चमध्ये काय?" की हे घसा खाकरायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे.

अशात मल्हार आला. भवानीनगरच्या पुढं वस्तीवर राहणारं धनगराचं पोर. बाप आप्पा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा, पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस लागला, मेंढरं गेली. घरात पहिला शिकलेला तो हाच, एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आला. कॉलेजात हंगामी लेक्चरर म्हणून चिकटला आणि ह्यांच्या हाताखाली डॉक्टरेटला नाव घातलं. डॉक्टरेट झाली की नोकरी पक्की, नाहीतर दर जूनला पुन्हा विनवण्या. त्या पोराचं सगळं घोडं त्या एका पदवीवर अडलेलं होतं.

ह्यांनी त्याला काय राबवलं म्हणता! गॅसचं सिलिंडर मल्हारनं आणायचं, दळण मल्हारनं टाकायचं, ह्यांची स्कूटर मल्हारनं धुवायची. आणि वर बोलणं ऐकायचं. "काय मल्हारराव, मेंढरं मोजणाऱ्याच्या घरात इलेक्ट्रॉन मोजणारा निपजला की! बघा हं, सवयीनं हाकायला जाल." स्टाफरूममध्ये सगळे फिदीफिदी हसायचे, मल्हारही हसायचा. मला त्याच्या त्या हसण्याचाच राग यायचा. मेल्या, एकदा तरी गप्प बस की, म्हणजे समोरच्याला कळेल!

पण पोरगं हुशार होतं, आणि हुशारीपेक्षा चिकट होतं. पुण्याला जाऊन लायब्ररीत बसून नव्या गोष्टी उतरवून आणायचं. सिलिकॉनचा विषय त्यानंच काढला. सिलिकॉन म्हणजे ज्याच्या चिपा होतात ते. सगळं करतं, पण उजेड दे म्हटलं की अडून बसतं. नव्वद साली परदेशात कुणीतरी त्याच्या चकतीला आम्लात बुडवलं, त्यातून वीज सोडली, डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडली, आणि वरून जांभळा दिवा धरला तर ती चकती तांबडी चमकली. हे मला मल्हारनंच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, परातीतल्या कणकेला बोटानं टोचे मारत. "काकू, तांबडा मिळतोय सगळ्यांना. कुणी पक्का हिरवा काढला ना, तर सिलिकॉनचेच दिवे हुतील, पडदे हुतील. जग बदलंल बघा." मी म्हटलं, "जग बदल, पण आधी कणकेतलं बोट काढ."

आता खंडेनवमीचं सांगते. साल चौऱ्याण्णव. आमच्याकडे नवमीला शस्त्रांची पूजा असते, तशी हे दरवर्षी लॅबमधल्या उपकरणांची करायचे. मल्हार नव्हता, त्याच्या घरी घट बसलेले, तो गावी. मी ताट घेऊन ह्यांच्या मागे. हे सोवळं नेसून पुढं, आणि दिसेल त्याला हळदकुंकवाचं बोट लावत चाललेले. पॉवर सप्लाय झाला, मीटर झाले, पंप झाला. शेवटी टेबलावर मल्हारचं भांडं होतं, टेफ्लॉनचं, पांढरं, चहाच्या कपाएवढं. चकती आम्लात ठेवायची ती ह्याच भांड्यात. मी म्हटलं, "अहो, ते राहू द्या, त्यात तो आम्ल घालतो." हे म्हणाले, "अगं, लक्ष्मी त्यातूनच यायची आहे." आणि हळदीचं बोट भांड्याच्या आत, तळाशी, चांगलं ठसठशीत ओढलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

दसरा झाला, मल्हार आला. त्यानं भांडं पाण्यानं खळखळून धुतलं असणारच, तो स्वच्छतेचा पक्का. पण हळद पाण्याला दाद देते का कधी? माझ्या पांढऱ्या ओट्याला विचारा. भांड्याच्या चरांत ती बसून राहिली. आणि तो आम्लाबरोबर घालायचा स्पिरिट. स्पिरिटात मात्र हळद सुटते, आणि सुटली ती सिलिकॉनच्या त्या सगळ्या बारीक भोकांत जाऊन बसली.

हे मला तेव्हा कुठं कळत होतं? त्या दुपारी मल्हार सायकल फाटकात टाकून अनवाणी आत आला. "सर! हिरवं! हिरवं आलं!" हे जेवत होते, तसेच खरकट्या हातानं उठले. दोघं लॅबमध्ये पळाले. संध्याकाळी आले ते पेढे घेऊन. दुसऱ्या दिवशी अमेरिकेला फोन, त्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो, 'बारामतीच्या प्राध्यापकांचा शोध'. फोटोत हे मधोमध, आणि मल्हारचं अर्धं डोकं कडेला. डिसेंबरात हैदराबादला मोठी परिषद होती, तिथं निबंध धाडला. पहिलं नाव ह्यांचं, दुसरं मल्हारचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मल्हारला त्याचं काही वाटलं नाही. त्याला वेगळीच काळजी लागलेली. "सर, पहिल्या खेपेच्या त्या चार चकत्याच हिरव्या निघाल्या. नंतर सगळं तांबडंच येतंय. पुन्हा करता येत न्हाय तोवर निबंध नको द्यायला. थांबू या की." शास्त्रज्ञ असा असतो. ह्यांनी काय म्हणावं? "तुझे हात कापत असतील. आनंदानं कापतात कधीकधी." आणि त्या चार चकत्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. सरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. आणि मल्हारनं कधी लावलाही नसता. गुरूच्या कपाटाला हात लावायचा नाही हे त्या पोरानं आईच्या दुधाबरोबर घेतलेलं.

पुढं एक दिवस हे जांभळा दिवा आणि एक चकती घेऊन घरी आले. मला दाखवायची हौस. "चल, देवघरात अंधार आहे." मी लिंबाच्या लोणच्याला हळदमीठ लावत होते, हात पुसत गेले. ह्यांनी दार ओढलं, दिवा लावला, चकतीवर धरला. खरंच हो, कोवळ्या भाताच्या खाचरासारखा हिरवा-पिवळा उजेड. सुंदरच होता. आणि मी माझा हात पुढं केला तर माझी नखं! दाही नखांच्या कडा तशाच पेटलेल्या. मागं बघते तर देवांच्या कपाळाची हळद, सहाणेच्या कडेची हळद, सगळं तस्संच चमकतंय. मी हसले. "अहो, बघा तरी! माझी बोटं पण तुमच्यासारखी शास्त्रज्ञ झाली."

ह्यांनी माझं मनगट धरलं. नखं चकतीशेजारी नेली, एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग दिवा बंद केला. "कुणाजवळ बोलायचं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "काय बोलायचं नाही?" तर अंगावर धावून आल्यासारखे, "एक अक्षर नाही!" तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. खंडेनवमीचं ताट डोळ्यांपुढं आलं.

मला वाटलं, आता निबंध मागं घेतील. थोडी शरम, थोडी हसाहसी, संपलं. माणूस आहे, चुकतो. पण छे! निबंध मागं घ्यायचा तर कारण द्यायला हवं, आणि कारण दिलं की विभागप्रमुखांनी आम्लाच्या भांड्यात हळदीचं बोट ओढलं हे निघणार. दुसऱ्या दिवशी ह्यांनी हैदराबादला कळवलं, माझं नाव काढा, हे काम संपूर्णपणे मल्हारचं आहे, तोच एकटा येईल आणि वाचेल. मग मल्हारला घरी बोलावून सांगितलं. "माझं काय, मी पिकलं पान. सगळं श्रेय तुझं."

मल्हार ढसाढसा रडला हो. आमच्या बैठकीत, ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून. "सर, असा गुरू कुणाला भेटत न्हाय." आणि ह्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी दारात उभी होते. आयुष्यात मी पुष्कळ माणसं पाहिली, पण फासाची दोरी गळ्यात घालताना गाठ सैल तर नाही ना, हे इतक्या मायेनं बघणारा माणूस मी हाच पाहिला.

मी ह्यांना म्हटलं, "पोराला सांगा, नाहीतर मी सांगते." हे पेपर वाचत होते. म्हणाले, "सांग. तुझं ऐकतो की माझं, बघू या."

मी पण हट्टाला पेटले. एस.टी. धरली, भवानीनगरला उतरले, तिथून वस्तीपर्यंत चालत. उसाच्या बैलगाड्या रस्ताभर. आप्पा अंगणात घोंगडी झटकत होते. उंच, वाळलेला म्हातारा, कपाळावर खंडोबाचा भंडारा फासलेला, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. भंडारा म्हणजेही हळदच. "या बाईसाहेब, या! आमच्या दारी लक्षुमी आली!" तांब्याभर पाणी, गूळ, मग चहा. मल्हारला मी विहिरीकडं नेलं आणि सगळं सांगितलं. पूजा सांगितली, भांडं सांगितलं, माझी नखं सांगितली. "मल्हार, ती हळद आहे रे. माझ्या डब्यातली हळद. त्या चकतीवर एकदा स्पिरिटचा बोळा फिरव, तुला कळेल."

तो मोटेच्या दगडावर नखानं रेघा ओढत बसला. त्याला पटत होतं, मला दिसत होतं. नंतरच्या चकत्या तांबड्या का, हे कोडं त्याचंच होतं आणि त्याचं उत्तर मी त्याच्या हातात ठेवलं होतं. मग तो म्हणाला, "सरांना इचारतो, काकू."

"अरे गाढवा! त्यांनाच काय विचारतोस? कपाट फोड!"

"सरांचं कपाट?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळातली मूर्ती चोरायला सांगितली.

आणि त्यानं विचारलं. ह्यांनी काय सांगितलं ते मला त्यानंच आनंदानं येऊन ऐकवलं. "काकू, सरांनी स्वतः चकती ॲसिटोननं धुऊन बघितली. उजेड तसाच हाय. आणि पूजेत सरांनी त्या भांड्याला हातच लावला न्हवता. तुमचा काहीतरी घोटाळा झाला." हे मागं आरामखुर्चीत बसलेले, चष्मा पुसत. "अरे, बायकांना जिथं तिथं हळदीकुंकूच दिसायचं," म्हणाले. मल्हार हसला. माझ्यावर हसला! ह्यांच्या वाक्यावर हसायची सवयच होती ना त्याला.

मी तिथंच ओरडले, "धडधडीत खोटं बोलतायत हे! मी ताट धरून उभी होते!" मल्हारनं मान खाली घातली. नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला, असं त्याचं तोंड झालं. ह्यांनी त्याला हळूच डोळ्यांनी खुणावलं, जा आता. तो गेला.

परिषदेला तो ह्यांनी कपाटातून काढून दिलेली एक चकती घेऊन भिगवण स्टेशनावरून गेला, आप्पा पोचवायला गेले होते. हैदराबादला काय झालं ते आमच्या घरी दुसऱ्याच दिवशी फोनवरून आलं आणि ह्यांनी मला जेवताना सांगितलं. निबंध वाचून झाला. मल्हारनं दिवे घालवायला सांगून चकती दाखवली, टाळ्या पडल्या. मग मराठवाड्यातले एक म्हातारे प्राध्यापक उठले. "बाळ, जरा बघू." त्यांनी स्पिरिट मागवलं, कापसाचा बोळा भिजवला, चकतीवर फिरवला. बोळा पिवळा झाला आणि चकती विझली. त्यांनी बोळा नाकाशी धरला आणि माइकवरून मराठीत म्हणाले, "पी हळद अन् हो गोरी!" कळणारे आधी हसले. मग शेजाऱ्याला अर्थ सांगून हसले. मग सगळं सभागृह हसलं. मल्हार पुढं उभाच. त्याला खाली बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

हे सांगताना ह्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.

आता चोराच्या उलट्या बोंबा ऐका. प्रिन्सिपॉलांनी दोघांना बोलावलं. वर्तमानपत्रात फोटो आलेला, कॉलेजची अब्रू गेलेली, कुणाच्या तरी माथी खापर फोडायला हवं. हे म्हणाले, "साहेब, मी कितीदा बजावलं. हा दर रविवारी गावी जातो, कपाळाला भंडारा फासून येतो आणि तसाच लॅबमध्ये शिरतो. लोकांच्या श्रद्धेला मी कसा बोलू? शेवटी जातीचा गुण म्हणायचा." म्हणून तर निबंधातून स्वतःचं नाव काढून घेतलं, असंही सुचवलं. मल्हारला विचारलं, भंडारा लावून यायचास का? तो म्हणाला, "व्हय, लावतो." खोटं त्याला बोलता येत नव्हतं. जूनमध्ये त्याची नेमणूक झाली नाही. डॉक्टरेटचं तर कुणी नावही काढलं नाही. पोरं त्याला रस्त्यात गाठून विचारायची, "सर, हळद कधी?"

लॅबची किल्ली द्यायला तो घरी आला. किल्ली टेबलावर ठेवली, ह्यांच्या पाया पडला. हो, पडला! मी म्हटलं, "मल्हार, आता तरी बोल. तुला ठाऊक आहे ना खरं काय ते?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर म्हणत्यात तर तसंच असंल, काकू." त्याला कळलं होतं. माझी खात्री आहे, विहिरीवरच कळलं होतं. पण ते कबूल करायचं तर इतकी वर्षं ज्याच्या पाया पडलो तो कोण, हेही कबूल करावं लागलं असतं. तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. नंतर ऐकलं, तो साखर कारखान्याच्या काट्यावर बसतो, उसाच्या गाड्यांची वजनं घेतो, आणि कुणाशी बोलत नाही.

मग एक दिवस, उन्हं चढलेली, मी ओटीवर गहू निवडत होते आणि हे पेपर वाचत होते. फाटक वाजलं. आप्पा. खांद्यावर घोंगडी, फेटा काढून हातात घेतलेला. कपाळ कोरं. मी त्या माणसाचं कोरं कपाळ प्रथमच बघितलं. आत येईनात, पायरीखालीच बसले. कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून त्यांनी पायरीवर ठेवली.

"मास्तर, पोराचा गुन्हा न्हाय. माझा हाय. तवा ठेसनावर त्यानं मला ती चकती दावली. म्हणला, आप्पा, ह्यातनं उजेड निगतो. म्या हातात घेटली, कपाळाला लावली. माझ्या कपाळी भंडारा व्हता, हाताला व्हता. म्या म्हटलं, देवाचा आशीर्वाद. आन् त्यानंच घात केला." त्यांनी पायरीला दोन्ही हात टेकले. "माझ्या अडाणीपनानं पोरगं मातीत गेलं. त्याला पदरात घ्या. म्या भंडारा सोडला बगा. परत शिवायचा न्हाय."

धनगरानं भंडारा सोडला! मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं आता तरी ह्या माणसाच्या तोंडून खरं पडेल. हे उठले. पायरी उतरले. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं गंगेला मिळालं, आप्पा," म्हणाले, "मी मनात ठेवलेलं नाही. तुम्हांला क्षमा आहे."

क्षमा! मी सूप भिरकावलं. गहू अंगणभर झाले. "कुणाला क्षमा करताय हो? आप्पा, उठा! ती चकती स्टेशनावर जायच्या कितीतरी आधीपासून चमकत होती! हळद आमची होती, बोट ह्यांचं होतं, मी होते तिथं!"

"आसं म्हनू नगा बाईसाहेब," आप्पांनी कान धरले. "गुरूला बोल लावू नगा. आमालाच पाप लागंल."

"थांबा. तुम्हांला दाखवतेच." मी आत गेले. जांभळा दिवा अजून ह्यांच्या घरच्या कपाटात होता. कपाट फोडायचं मी मल्हारला सांगितलं होतं. त्यानं लॅबमधलं फोडलं नाही, हे घरातलं मी आज फोडलं, वरवंट्यानं. आप्पांना दंडाला धरून देवघरात ओढलं, दार लावलं. पूजेचं ताट पुढं घेतलं, त्यावर दिवा धरला. हळदीचं बोटन् बोट पेटलं. "बघा! ही आमची हळद. हाच तो उजेड. हाच तुमच्या पोराच्या चकतीत होता. बघितलंत? आमची हळद!"

आप्पा ताटाकडं बघतच नव्हते.

त्यांचे हात दिव्याखाली आले होते. जन्मभर भंडारा उधळलेले हात. धुतले होते त्यांनी, माझ्या दारी यायचं म्हणून घासून धुतले असणार. पण तळव्याची एकेक भेग, नखांची एकेक कड, बोटांच्या पेरांतली एकेक चीर, सगळी हिरवी-पिवळी जळत होती. त्यांनी हात उलटे केले, सुलटे केले. मी काय बोलत होते ते त्यांच्या कानात शिरतच नव्हतं. "आप्पा, ऐका, तसं नाही, ह्याचा अर्थ तसा नाही हो," मी रडायला लागले, दिव्याचं बटण सापडेना.

"व्हय," म्हातारा अगदी हळू म्हणाला. "हेच हात."

दार उघडलं. हे बाहेर उभे होते. त्यांनी आप्पांचं तोंड बघितलं, माझं बघितलं, आणि मला म्हणाले, "झालं समाधान?"

आप्पांनी दोन्ही हात घोंगडीच्या आत घेतले. मी पायरीवरची पिशवी उचलून पुढं केली ती घ्यायलाही त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. तसेच, हात आत धरून, गव्हावर पाय पडू नये म्हणून वाकून बघत बघत, फाटकाबाहेर गेले.